औषधांच्या पेढीचे मृत्युपत्र : सर हेन्री वेलकम

देवालये, धर्मशाळा, पाणपोया आणि पांजरपोळ यांना देणग्या देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या पांजरपोळाची स्थापना १८३४ मध्ये झाली. पुढे परळ येथे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यातून बाई साकरबाईंच्या नावाने जनावरांचे इस्पितळ उभे राहिले, आणि १८८६ मध्ये त्याच परिसरात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू होऊन विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची सोय झाली. आजारी जनावराला आसरा द्यावा, त्यावर उपचार करावेत, उपचार करणारे हात तयार करावेत, इथपर्यंत ही परंपरा येऊन पोहोचली. त्यापुढची पायरी अवघड आहे. ज्या रोगावर उपचारच ठाऊक नाही त्याचे औषध शोधण्यासाठी, आणि ते शोधू शकतील अशी माणसे घडविण्यासाठी पैसा ठेवणे, ही ती पायरी होय. या कामाला दाता सहसा मिळत नाही. त्याचे फळ दात्याच्या हयातीत दिसेलच असे नाही, आणि जिच्यावर नाव कोरावे अशी भिंतही त्यातून बहुधा उभी राहत नाही. असा पैसा ठेवणाऱ्यांमध्ये सर हेन्री सॉलोमन वेलकम यांचे नाव फार वरचे आहे. ते डॉक्टर नव्हते, पशुवैद्य नव्हते, शास्त्रज्ञही नव्हते. ते औषधांचे व्यापारी होते, आणि व्यापाऱ्याने विज्ञानात हात घालू नये असे मानणारी मंडळी त्यांना पावलोपावली भेटली.

वेलकम यांचा जन्म २१ ऑगस्ट १८५३ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, आल्मंड या खेड्याजवळ, लाकडाच्या ओंडक्यांनी बांधलेल्या घरात झाला. वडील शेती करीत आणि फिरते धर्मोपदेशक म्हणून गावोगाव जात. घरात धर्मनिष्ठा पुष्कळ आणि पैसा बेताचा, अशी स्थिती होती. १८६१ मध्ये हे कुटुंब मिनेसोटा राज्यातील गार्डन सिटी येथे स्थलांतरित झाले. तेथे हेन्रीचे काका जेकब वेलकम हे डॉक्टर होते व औषधांचे दुकानही चालवीत. पुढच्याच वर्षी त्या प्रदेशात डकोटा आदिवासींचा उठाव झाला. नऊ वर्षांच्या हेन्रीला बंदुकीच्या गोळ्या ओतण्याच्या कामाला बसविण्यात आले, आणि काका जखमींवर उपचार करीत तेव्हा त्यांना हवे ते हाताशी देण्याचे कामही त्याने केले. शाळेचे शिक्षण तुटपुंजेच झाले. खरी शाळा म्हणजे काकांचे दुकान. सोळाव्या वर्षी त्याने लिंबाच्या रसापासून अदृश्य शाई तयार केली आणि गावच्या वर्तमानपत्रात तिची मोठ्या डौलाची जाहिरात दिली. लिंबाच्या रसाने लिहिलेली अक्षरे कागद तापविला की उमटतात, ही युक्ती मुलांना सर्वत्र ठाऊक असते. ती बाटलीत भरून विकण्याची बुद्धी मात्र सर्वांना होत नाही.

पुढे रॉचेस्टर येथील औषधांच्या दुकानात नोकरी करीत असताना डॉ. विल्यम वॉरल मेयो यांची त्यांच्यावर नजर गेली. मेयो क्लिनिक म्हणून जगप्रसिद्ध झालेली संस्था ज्यांच्या घराण्याने उभारली, ते हे मेयो. त्यांनी या होतकरू मुलाला रीतसर शिक्षण घेण्यास प्रवृत्त केले. शिकागो येथे काही काळ काढून वेलकम यांनी १८७४ मध्ये फिलाडेल्फियाच्या औषधनिर्माण महाविद्यालयाची पदवी मिळविली. त्यानंतर न्यूयॉर्कमधील औषधकंपन्यांसाठी फिरते विक्रेते म्हणून त्यांनी काम केले. या नोकरीत असताना ते दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरच्या अरण्यांत गेले. हिवतापावरचे क्विनाइन ज्या सिंकोना झाडाच्या सालीपासून मिळते, ती झाडे तेथे बेसुमार तोडली जात होती. त्या प्रवासाचा वृत्तांत त्यांनी औषधनिर्मात्यांच्या सभेपुढे मांडला. औषध दुकानाच्या फळीवर येण्यापूर्वी कोठून, कशा मार्गाने आणि कोणाच्या कष्टाने येते, हे पाहण्याची सवय त्यांना इथे लागली असावी.

१८८० मध्ये ते लंडनला आले. फिलाडेल्फियातच शिकलेले सायलस बरोज तेथे आधीच धंदा करीत होते. दोघांनी मिळून बरोज वेलकम आणि कंपनी ही पेढी काढली. त्या काळी इंग्लंडमध्ये औषधविक्रेता खलात औषध कुटून हाताने गोळ्या वळी. एका गोळीत औषध कमी तर दुसरीत जास्त, असा प्रकार नित्याचा होता. यंत्राने दाबून केलेल्या, ठरावीक मात्रेच्या वड्या अमेरिकेत निघू लागल्या होत्या. या पेढीने त्या ब्रिटनमध्ये आणल्या, आणि वेलकम यांनी १८८४ मध्ये त्यांच्यासाठी टॅब्लॉइड हा नवा शब्द घडवून व्यापारचिन्ह म्हणून नोंदविला. हा शब्द इतका रूढ झाला की इतर व्यापारीही तो वापरू लागले. वेलकम न्यायालयात गेले आणि १९०३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. शब्दाने मात्र निकाल मानला नाही. लहान आकाराच्या वर्तमानपत्रांना आज जगभर टॅब्लॉइड म्हणतात, ते याच गोळीवरून. स्टॅन्लेसारख्या आफ्रिकेतील प्रवाशांना आणि पुढे ध्रुवप्रदेशात जाणाऱ्या मोहिमांना पेढीच्या औषधपेट्या पुरविल्या जात. त्यात परोपकार थोडा आणि जाहिरात फार होती, हे वेलकम यांनीही नाकारले नसते.

भागीदारी सुखाची ठरली नाही. दोघांचे स्वभाव भिन्न. बरोज यांनी भागीदारी मोडण्यासाठी दावा लावला व ते हरले. वाद धुमसत असतानाच १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांचे न्यूमोनियाने निधन झाले. पेढी एकट्या वेलकम यांच्या हाती आली. त्यांच्या चरित्रातील मोलाचा भाग येथून सुरू होतो, आणि तो घोड्यांच्या तबेल्यापासून सुरू होतो.

घटसर्प हा त्या काळी लहान मुलांचा काळ होता. घशात पडदा धरून मूल गुदमरून जाई. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखविले की या रोगाच्या जंतूंचे विष प्राण्याला थोडे थोडे वाढत्या प्रमाणात टोचले, तर त्याच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होतो. १८९४ मध्ये पॅरिसच्या रू यांनी घोड्याच्या रक्तातील सीरम वापरून बऱ्या केलेल्या मुलांची माहिती जाहीर केली, आणि युरोपभर या सीरमची मागणी उसळली. त्याच वर्षी वेलकम यांच्या पेढीने लंडनमध्ये शरीरक्रियाविज्ञानाची प्रयोगशाळा काढून सीरमचे काम हाती घेतले. घोडा मोठा, शांत आणि भरपूर रक्ताचा प्राणी. त्याला आठवड्यांमागून आठवडे विषाची मात्रा चढवीत न्यायचे, मग मानेच्या शिरेतून रक्त काढायचे, ते गोठू द्यायचे आणि वर सुटलेला पिवळसर द्रव निर्जंतुक बाटल्यांत भरायचा, अशी ही रीत. घोडा त्यातून मरत नसे, पुन्हा पुन्हा उपयोगी पडे. त्याला होणारा त्रास मात्र खरा होता. मुलांचे प्राण वाचविणाऱ्या या विद्येचा हिशेब मांडताना तो वगळण्याचे कारण नाही.

मराठीत घटसर्प हे नाव दोन रोगांना आहे, हे येथे आठवते. मुलांचा घटसर्प वेगळा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी गाई-म्हशींचा गळा सुजवून त्यांना दिवसभरात आडवे करणारा घटसर्प वेगळा. जंतू निराळे, उपचार निराळे. तरीही गळा सुजून जीव घुसमटताना पाहणाऱ्या आपल्या पूर्वजांनी दोहोंना एकच नाव दिले. वेलकम यांच्या प्रयोगशाळेत काही वेगळ्या वाटेने का होईना, माणसाचे आणि जनावराचे औषध असेच शेजारी आले.

सीरम करण्याइतकेच ते तपासणे महत्त्वाचे होते. प्रत्येक बाटलीचे सामर्थ्य गिनीपिगांवर मोजून पाहावे लागे. ब्रिटनमध्ये १८७६ च्या प्राणी-क्रौर्यविरोधी कायद्यान्वये असे प्रयोग केवळ गृहखात्याकडे नोंदलेल्या जागेतच करता येत. वेलकम यांनी नोंदणीसाठी अर्ज केला आणि वादळ उठले. प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध करणारे लोक रागावले हे समजण्यासारखे होते, पण वैद्यकातील नामवंतही विरोधात गेले. विद्यापीठातील अध्यापकाने ज्ञानासाठी प्रयोग करणे वेगळे, दुकानदाराने नफ्यासाठी करणे वेगळे, अशी त्यांची भूमिका होती. ती सर्वस्वी चुकीची होती असे म्हणता येत नाही. पण तपासणीवाचून सीरम विकले तर काय होते हे १९०१ मध्ये अमेरिकेत दिसले. सेंट लुई शहरात जिम नावाच्या घोड्याला धनुर्वात झाला असताना त्याचे सीरम मुलांना टोचले गेले आणि तेरा मुले दगावली. घोडा निरोगी आहे की नाही, हा प्रश्न पाळण्यातल्या मुलाच्या जिवाशी जोडलेला होता. त्याच वर्षी, म्हणजे १९०१ मध्ये, वेलकम यांच्या हर्न हिल येथील प्रयोगशाळेला नोंदणी मिळाली. व्यापारी पेढीच्या प्रयोगशाळेला ब्रिटनमध्ये मिळालेली ती पहिली परवानगी.

परवानगी मिळाली, तरी संशय उरलाच होता. त्याला उत्तर देण्यासाठी वेलकम यांनी जो मार्ग धरला तो त्यांच्या व्यापारी सहकाऱ्यांना पसंत नव्हता. प्रयोगशाळेला विक्रीच्या खात्यापासून शक्य तितके दूर ठेवायचे, चांगली तरुण माणसे आणायची, त्यांना विषय निवडण्याची मोकळीक द्यायची आणि निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध करू द्यायचे, असा तो मार्ग. १९०४ मध्ये हेन्री डेल हे तरुण शरीरक्रियाशास्त्रज्ञ येथे आले. व्यापाऱ्याच्या चाकरीत गेलास तर विद्वानांत स्थान उरणार नाही, अशी भीती त्यांना मित्रांनी घातली होती. वेलकम यांनी त्यांना राय धान्यावर वाढणाऱ्या अर्गट या बुरशीचा अभ्यास सुचविला. अर्गटचे औषध बाळंतपणातील रक्तस्रावावर वापरीत, पण ते बेभरवशाचे होते. या अभ्यासातून हिस्टामीन आणि ॲसिटिलकोलीन या द्रव्यांच्या शरीरातील कार्याकडे डेल यांचे लक्ष वळले आणि पुढे त्यांचे सर्व आयुष्य त्या कामात गेले.

व्यापार आणि विज्ञान यांचा खटका एकदा चांगलाच उडाला. मूत्रपिंडावरील ग्रंथींच्या द्रव्याला ॲड्रिनलीन म्हणावे असे डेल यांना वाटत होते. पण त्याच धर्तीचे नाव दुसऱ्या एका औषधकंपनीने व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले होते. प्रतिस्पर्ध्याच्या मालाचे नाव आपल्याच प्रयोगशाळेच्या निबंधात छापले जावे, हे पेढीला मान्य होईना. स्वतः एका शब्दासाठी न्यायालयात गेलेल्या वेलकम यांना ही अडचण चांगली कळत होती. डेल अडून बसले. शास्त्रज्ञांत जे नाव रूढ आहे तेच वापरले पाहिजे, नाहीतर या प्रयोगशाळेच्या कामाला कोणी किंमत देणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. अखेरीस १९०६ मध्ये वेलकम यांनी माघार घेतली. घटना लहान आहे, परंतु पुढे जे घडले त्याची किल्ली तिच्यात आहे.

याच सुमारास त्यांचे लक्ष आफ्रिकेकडे गेले होते. १९००-०१ च्या हिवाळ्यात त्यांनी सुदानचा प्रवास केला. तो देश दोन वर्षांपूर्वीच इंग्रजांनी जिंकला होता. खार्टूम येथील नव्या गॉर्डन महाविद्यालयात त्यांनी उष्णकटिबंधीय रोगांच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा सुसज्ज करून दिली, आणि अँड्रू बाल्फर यांच्या देखरेखीखाली १९०३ मध्ये तेथे काम सुरू झाले. नाईल नदीवर एक तरंगती प्रयोगशाळाही ठेवण्यात आली. ती बोटीमागे बांधून दूरच्या प्रदेशात नेता येई. खार्टूममधील डासांचा बंदोबस्त करून हिवताप आटोक्यात आणणे हे बाल्फर यांचे गाजलेले काम. त्याच्या बरोबरीने जनावरांचे रोगही प्रयोगशाळेच्या कक्षेत होते. सुदानमध्ये गाई, उंट आणि घोडे हेच लोकांचे धन. त्यांच्या रक्तात आढळणारे ट्रिपॅनोसोम जातीचे परजीवी, कोंबड्यांना होणारा स्पायरोकीट जंतूंचा ज्वर, यांवर बाल्फर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सविस्तर निरीक्षणे केली. उंटांच्या सर्रा रोगाचा परजीवी तोच, जो १८८० मध्ये ग्रिफिथ एव्हन्स या पशुवैद्याने हिंदुस्थानातील डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात प्रथम पाहिला होता. ही प्रयोगशाळा परकीय सत्तेच्या सोयीची होती, हे खरे आहे. साम्राज्याला निरोगी शिपाई आणि निरोगी वाहतुकीची जनावरे हवी होती. तेथे जमलेले ज्ञान मात्र साम्राज्य गेल्यावरही उरले.

पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना देण्यासाठी धनुर्वाताच्या सीरमची प्रचंड गरज निर्माण झाली आणि वेलकम यांच्या तबेल्यांतील घोडे पुन्हा कामास आले. युद्धानंतर प्रयोगशाळा बेकनहॅम येथे गेली. तेथे अलेक्झांडर ग्लेनी यांनी फॉर्मालिनने निर्विष केलेल्या घटसर्पाच्या विषावर, म्हणजे टॉक्सॉइडवर, मोलाचे काम केले. मुलांना घटसर्पाची जी लस आज टोचतात तिच्या मागे हे काम आहे.

पशुवैद्यकाच्या दृष्टीने बेकनहॅमचे त्याहून रोचक काम म्हणजे कोकरांच्या हगवणीवरचे. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवरील मेंढपाळांची कोकरे जन्मल्यापासून काही दिवसांतच रक्ती हगवणीने पटापट मरत. थॉमस डालिंग हे पशुवैद्य १९२० च्या दशकात वेलकम प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाच्या जंतूंच्या विषावर सीरम आणि लस तयार केली. अडचण अशी होती की एक-दोन दिवसांच्या कोकराला लस टोचून उपयोग नाही. त्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो, आणि रोग तितका थांबत नाही. म्हणून जन्मताच तयार सीरम द्यायचे, किंवा मेंढी व्यायला टेकली असतानाच तिला लस टोचायची. मेंढीच्या गर्भाला आईच्या रक्तातून प्रतिकारद्रव्ये मिळत नाहीत. ती मिळतात पहिल्या चिकातून. कोकरू चीक प्याले की आईला टोचलेल्या लसीचा लाभ त्याला मिळतो. वासराला चीक पाजलाच पाहिजे असे आपल्याकडील जाणती माणसे सांगत आली, त्यामागचे शास्त्र हेच आहे.

कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाची हकिगत थोडी निराळी आहे, पण देणगीच्या विषयात ती सांगण्यासारखी आहे. १९२३ च्या सुमारास द फील्ड या इंग्रजी नियतकालिकाच्या पुढाकाराने श्वानप्रेमींनी या रोगाच्या संशोधनासाठी वर्गणी जमविली. त्या निधीवर लंडनजवळ मिल हिल येथे पॅट्रिक लेडलॉ आणि पशुवैद्य जॉर्ज डंकिन यांनी काम केले. लेडलॉ हे पूर्वी वेलकम प्रयोगशाळेतच डेल यांच्या हाताखाली तयार झालेले. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला हा रोग सहज होतो असे त्यांना आढळले, आणि त्यामुळे संशोधनाला गती आली. दशक संपण्यापूर्वी लस तयार झाली व तिचे व्यापारी उत्पादन वेलकम यांच्या पेढीकडे आले. पुढे १९३३ मध्ये माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रथम सापडला, तो याच मिल हिलला, याच फेरेटांच्या मदतीने. वर्गणी देणाऱ्यांनी पैसे दिले होते आपल्या कुत्र्यांसाठी.

वेलकम यांच्या खाजगी आयुष्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. १९०१ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, अनाथ मुलांसाठी कार्य करणाऱ्या डॉ. बर्नार्डो यांची कन्या सिरी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. वयात पंचवीस-सव्वीस वर्षांचे अंतर, पतीची अखंड भटकंती आणि संग्रहाचे वेड यांत तो टिकला नाही. १९१० मध्ये दोघे विभक्त झाले आणि १९१६ मध्ये घटस्फोट झाला. सिरी यांनी पुढे कादंबरीकार सॉमरसेट मॉम यांच्याशी लग्न केले. वेलकम अधिकाधिक एकाकी होत गेले.

त्या एकाकीपणात संग्रहच त्यांचा सोबती झाला. रोग आणि आरोग्य यांच्याशी माणसाचा आदिकालापासूनचा संबंध वस्तूंतून आणि ग्रंथांतून दाखवावा, ही त्यांची मूळ कल्पना होती. १९१३ मध्ये लंडनमध्ये त्यांचे वैद्यकेतिहासाचे संग्रहालय उघडले. पण खरेदी तेथे थांबली नाही. लिलावात किंमत वाढू नये म्हणून त्यांचे हस्तक खोट्या नावांनी बोली लावीत. आलेली खोकी न उघडता गोदामांत रचली जात. वस्तूंची संख्या दहा लाखांवर गेली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची वाटणी करण्यात काही दशके गेली. हिंदुस्थानातही त्यांचा प्रतिनिधी फिरत होता. डॉ. पैरा मल यांनी १९११ पासून सुमारे दहा वर्षे येथे राहून संस्कृत आणि इतर भाषांतील हस्तलिखिते जमविली. आयुर्वेद, ज्योतिष, धर्म, व्याकरण, जे मिळेल ते लंडनला गेले. हजारो पोथ्या अशा रीतीने परदेशी गेल्या याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. त्या पोथ्या वाळवीच्या तोंडून वाचल्या, हेही तितकेच खरे. आपल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर काय काय नष्ट झाले हे ग्रंथालयाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पेढीचा हिंदुस्थानशी व्यापारी संबंधही याच काळातला. तिची मुंबईची शाखा १९१२ मध्ये उघडली.

१९२४ मध्ये वेलकम यांनी पेढी, प्रयोगशाळा आणि संग्रहालय ही सर्व एका वेलकम फाउंडेशन नावाच्या मर्यादित कंपनीखाली आणली. सर्व भाग स्वतःकडेच ठेवले. नाव धर्मादाय संस्थेसारखे असले, तरी ती कंपनीच होती. ऐंशीच्या घरात पोचलेल्या धन्याच्या मागे तिचे काय होणार हा प्रश्न होता. त्याचे उत्तर २९ फेब्रुवारी १९३२ रोजी सही झालेल्या मृत्युपत्रात आहे. त्याच वर्षी त्यांना सर ही पदवी मिळाली आणि रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही.

मृत्युपत्राची रचना त्या काळी नवीच होती. कंपनी विकायची नाही. तिचे सर्व भाग पाच विश्वस्तांच्या हाती द्यायचे. कंपनीने व्यापार करून नफा मिळवायचा आणि तो लाभांशरूपाने विश्वस्तांकडे आला की त्यांनी तो संशोधनासाठी आणि वैद्यकाच्या इतिहासासाठीची संग्रहालये व ग्रंथालये यांसाठी खर्च करायचा. संशोधनाच्या विषयांची यादी लांबलचक आहे. वैद्यक, शस्त्रक्रिया, रसायन, जंतुशास्त्र, औषधनिर्माण असे विषय ओळीने येतात. त्या यादीत एक कलम असे आहे की जे सहज सुटून जाऊ शकले असते. रोगांवरील औषधांचा शोध आणि किडींचा व उपद्रवी जीवांचा नायनाट यांविषयी लिहिताना वेलकम यांनी मनुष्यांबरोबर प्राणी आणि वनस्पती यांचाही स्पष्ट उल्लेख केला आहे. वकिलाने घातलेला हा शब्दांचा फुलोरा नव्हे. घोड्यांचे तबेले, सुदानमधील उंट आणि सीमेवरची कोकरे यांच्याशी चाळीस वर्षे संबंध आलेल्या माणसाने तो घातला आहे. या एका उल्लेखामुळे पशुवैद्यक हे माणसाच्या वैद्यकाचे सावत्र भावंड न राहता विश्वस्तांच्या कर्तव्याचा भाग झाले.

२५ जुलै १९३६ रोजी लंडनमध्ये वेलकम यांचे निधन झाले. त्याच वर्षी डेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि डेल हेच त्या पाच विश्वस्तांपैकी एक होते. १९३८ पासून १९६० पर्यंत ते अध्यक्ष राहिले. एका नावासाठी आपल्या धन्याशी अडून बसलेला माणूसच त्या धन्याच्या धनाचा राखणदार झाला.

आरंभीची वर्षे ओढाताणीची गेली. मृत्युकर जबर होता. धन्याचे व्यापाराकडे दुर्लक्ष झाल्याने कंपनी शिथिल झाली होती. त्यातच दुसरे महायुद्ध आले. संशोधनाला देण्यासाठी पैसा फारच थोडा उरे. पन्नाशीच्या दशकानंतर चित्र पालटले. १९५९ मध्ये कंपनीने कूपर, मॅक्डूगल आणि रॉबर्टसन ही जनावरांच्या औषधांची नामांकित पेढी घेतली. बर्कहॅमस्टेड येथील विल्यम कूपर या पशुवैद्याने १८५२ मध्ये मेंढ्यांच्या खरजेवर आंघोळीचे औषध काढले होते, तीच ही पेढी. साठीच्या दशकात पिरब्राइट येथील वेलकम प्रयोगशाळेत लाळ्या-खुरकुताच्या लसीचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले. अमेरिकेतील शाखेत जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या गटाने शोधलेले ट्रायमिथोप्रिम हे द्रव्य सल्फाच्या जोडीने माणसांना देतात, तसेच ते गुरांना आणि घोड्यांनाही देऊ लागले. या दोघांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अशा रीतीने एखाद्या मेंढपाळाने आपल्या कळपासाठी विकत घेतलेल्या औषधाचा नफा लाभांश होऊन विश्वस्तांकडे येई आणि कोणा तरुणाच्या शिष्यवृत्तीत जाई. व्यापार आणि दान यांची इतकी सरळ साखळी क्वचितच पाहायला मिळते.

विश्वस्तांनी कालांतराने इमारती आणि उपकरणांपेक्षा माणसांवर खर्च करण्याकडे कल ठेवला. पशुवैद्यकात याची निकड अधिक होती. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पशुवैद्याला व्यवसायात लगेच बऱ्यापैकी प्राप्ती होते. संशोधनासाठी आणखी तीन-चार वर्षे अल्प विद्यावेतनावर काढायला तो सहसा तयार होत नाही, आणि मग जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारे लोक जनावर कधी न हाताळलेलेच राहतात. वेलकम न्यासाने पदवीधर पशुवैद्यांसाठी संशोधन-प्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या ठेवल्या, त्या ही उणीव भरण्यासाठी. शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही उन्हाळ्याच्या सुट्टीतील शिष्यवृत्त्या होत्या. सहा-आठ आठवडे प्रयोगशाळेत काम करायचे, काही हाती लागो वा न लागो, संशोधन म्हणजे काय ते पाहायचे. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ येऊन साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, तेव्हा प्रशिक्षित संशोधक पशुवैद्यांची वाण किती महागात पडते हे त्या देशाला कळून आले. त्या दशकात न्यासाने पशुवैद्यक महाविद्यालयांशी मिळून या प्रशिक्षणाची नवी योजना चालविली.

मृत्युपत्रातील मूळ व्यवस्था मात्र तोवर बदलली होती. सर्व धन एकाच कंपनीत गुंतवून ठेवणे धोक्याचे आहे, असे विश्वस्तांचे मत झाले. न्यायालयाच्या संमतीने त्यांनी १९८६ मध्ये सुमारे चतुर्थांश भाग विकले, १९९२ मध्ये आणखी विकले, आणि १९९५ मध्ये ग्लॅक्सो कंपनीने सुमारे नऊ अब्ज पौंडांना वेलकम कंपनी विकत घेतली. जनावरांच्या औषधांचा विभाग त्याआधीच ऐंशीच्या दशकात वेगळा होऊन दुसऱ्यांच्या हाती गेला होता. कंपनीतील कित्येक शास्त्रज्ञांना हा व्यवहार जिव्हारी लागला, आणि बेकनहॅमची प्रयोगशाळा बंद झाली. दुसऱ्या बाजूने न्यास जगातील सर्वांत धनवान संशोधन-निधींपैकी एक झाला. वेलकम यांना हा सौदा रुचला असता काय, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. आयुष्यभर एकही वस्तू हातची न सोडणाऱ्या संग्राहकाला तो बहुधा रुचला नसता.

१९८७ मध्ये वेलकम यांचा अस्थिकलश लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारात पुरण्यात आला. २००० च्या अखेरीस ग्लॅक्सो वेलकम कंपनीचे आणखी एक विलीनीकरण झाले, आणि औषधांच्या वेष्टनांवरून त्यांचे नाव गेले. ते राहिले न्यासाच्या नावात, आणि युस्टन रस्त्यावरील त्या ग्रंथालयाच्या दारावर, जेथे हिंदुस्थानातून गेलेल्या पोथ्या अभ्यासकांसाठी जपून ठेवल्या आहेत.